जुनी बोट, नवखे खलाशी

"एवढं लांब जायचंच आहे, तर मग नवी बोट का नाही घेत?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला डोंबिवली, पुणे, लेस्टर आणि न्यू जर्सी अशा चार ठिकाणांहून आला. विचारणारे सगळे आपलेच, आणि विचारण्यामागे काळजीच. मामा तर म्हणाला, "अगं, जुनी स्कूटर घेऊन लोणावळ्याला जायचं म्हटलं तरी माणूस दोनदा विचार करतो. तुम्ही समुद्रात निघालायत!" फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही. मध्येच कुणीतरी "आणि जेवणाचं काय करणार?" असं विचारतं आणि गाडी पोह्यांवर घसरते. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. ज्यांना शिडाच्या बोटींशी काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात भाषा कमी आणि नळकाम जास्त आहे.

आधी वस्तुस्थिती. आमची बोट बत्तीस फुटी, फायबरग्लासची, १९७४ सालची. म्हणजे माझ्याहून वयानं मोठी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टनजवळच्या एका खाडीत ती असते. मी आणि नवरा दोघांनीही शिकाऊ खलाशाचे दोन कोर्स केलेत, दोन उन्हाळे किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरलोय, आणि इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधल्या शेर्बूरला एकदा रात्रीचा प्रवास करून गेलोय. नीडल्सच्या खडकांपासून ते साठेक सागरी मैल. येत्या जूनमध्ये फ्रान्सच्या पश्चिम टोकावरच्या कामारेहून निघून बिस्केचा उपसागर ओलांडायचा आणि स्पेनमधल्या आ कोरुन्याला पोहोचायचं असा बेत आहे. सुमारे साडेतीनशे सागरी मैल. आमची बोट ताशी साडेचार-पाच सागरी मैल जाते, म्हणजे सायकलवर रमतगमत चाललेल्या माणसाइतकी. तीन-साडेतीन दिवस लागतील. जगप्रदक्षिणा करणारी माणसं याला लांबचा प्रवास म्हणणार नाहीत. आम्ही म्हणतो.

आता प्रश्नाकडे. पैसा हे एक कारण आहेच. एवढ्याच लांबीची नवी बोट घ्यायची तर ठाण्यात बऱ्यापैकी फ्लॅट येईल इतके पैसे लागतात, आणि आमची आली सेकंडहँड गाडीच्या भावात. पण समजा पैसे असते, तरी माझं मत बदललं नसतं. नवख्या माणसानं पहिल्या लांबच्या प्रवासाला जुनी बोट घेऊनच निघावं असं मला वाटतं. अट एकच, की तिची तयारी त्यानं स्वतःच्या हातानं करायला हवी. जुनी बोट घेऊन, यार्डाला चेक फाडून, "तयार झाली की कळवा" म्हणणाऱ्यांनी मात्र नवीच घ्यावी. जुन्या बोटीचा सगळा तोटा आणि फायदा शून्य, अशी त्यांची गत होते.

हे मत माझं एकटीचं नाही, पण इथल्या बऱ्याच लोकांना ते पटत नाही. यार्डातले एक गृहस्थ नेहमी सांगतात की नवख्यांनी जुन्या बोटीला हात लावणं म्हणजे आजारी माणसानं आजारी माणसाचं ऑपरेशन करणं. ऐकायला झकास आहे. मुद्दा पूर्ण चुकीचाही नाही. काही कामं आम्ही माहितगार माणसाकडूनच करून घेतली, त्याबद्दल पुढे येईलच. पण समुद्रात मध्यरात्री केबिनच्या लाद्यांवर पाणी दिसलं, तर ते नक्की कुठून येतंय हे यार्डातल्या माणसाला माहीत असून काय उपयोग? तो तेव्हा घरी झोपलेला असणार.

एक जुनं उदाहरण देते. त्यातली एक बोट आपल्या मुंबईची आहे, त्यामुळे तुम्हाला आवडेल. १९६८ साली इंग्लंडमध्ये एक शर्यत जाहीर झाली: एकट्यानं, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीनं पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तेव्हा एकोणतीस वर्षांचा तरुण व्यापारी जहाजांवरचा अधिकारी. त्याची 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली. आखाती खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहेली म्हणतात, त्यावरून नाव. १९६५ च्या अखेरीला तो भाऊ आणि एका मित्राला घेऊन मुंबईहून तिच्यातून निघाला, पैसे संपले म्हणून दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकरी केली, आणि १९६७ मध्ये लंडनला पोहोचला. म्हणजे शर्यतीपूर्वीच त्याला ती बोट आतून-बाहेरून पाठ झाली होती. शर्यतीत ती तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून गळायला लागली तेव्हा तो अटलांटिकमध्ये, भर समुद्रात, पाण्यात उतरला आणि सांध्यात कापूस ठोकून वर पट्टी मारून आला. पुढे स्वयंचलित सुकाणू मोडलं, रेडिओ बंद पडला, टाकीतलं गोडं पाणी खराब झालं. १४ जून १९६८ ला निघालेला हा माणूस ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परत आला. नऊ जणांत एकटाच.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक हौशी खलाशी होता. बोट कोरी, तीन सांगाड्यांची, वेगवान, नव्या कल्पनांनी भरलेली. पण ती पूर्ण व्हायलाच उशीर झाला. निघायची शेवटची मुदत ३१ ऑक्टोबर होती आणि तो त्याच दिवशी निघाला. कामं अर्धवट होती, काही सुटे भाग किनाऱ्यावरच राहिले, आणि सांगाड्यांत शिरलेलं पाणी उपसायच्या पंपाची नळीही बोटीवर चढली नव्हती. पुढची कहाणी फार दुःखद आहे, चार लहान मुलांचा बाप होता तो. १० जुलै १९६९ ला त्याची रिकामी बोट अटलांटिकमध्ये सापडली. या माणसाला नावं ठेवायचा माझा अजिबात हेतू नाही. कर्ज, प्रसिद्धी, तारीख, सगळं एकदम अंगावर आलं होतं त्याच्या. पण बोटीच्या दृष्टीनं पाहिलं तर मला नेहमी वाटतं, तिची आणि त्याची ओळखच झालेली नव्हती.

तर ओळख कशी करून घ्यायची? आमच्या बोटीच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली, सात भोकं आहेत. हो, सात! आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, बेसिनचं बाहेर सोडावं लागतं, संडासाची दोन, असं करत सात. प्रत्येक भोकावर एक कॉक असतो आणि त्याला रबरी नळी क्लिपनं आवळलेली असते. यातली एक नळी जरी निसटली तरी बोट बंदरात उभ्या उभ्या बुडू शकते. आणि जुन्या बोटीत हे कॉक बऱ्याचदा साध्या पितळेचे असतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतो तांब्याचा गुलाबीसर, ठिसूळ सांगाडा. वरून बघाल तर कॉक जागच्या जागी, हिरवट, आजोबांच्या तांब्यासारखा भरभक्कम. हातोडीनं जरा टकटक केलं की कोपरा तुटून हातात.

आमच्या सातातले दोन असे निघाले. आधीच्या मालकानं त्याच बोटीतून काय काय प्रवास केले असतील देव जाणे. बोट क्रेननं उचलून किनाऱ्यावर ठेवली होती तेव्हा आम्ही सातही काढले. जस्त न सोडणाऱ्या मिश्रधातूचे नवे बसवले, नळ्या बदलल्या, प्रत्येक नळीला दोन-दोन क्लिपा लावल्या, आणि प्रत्येक कॉकशेजारी मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीनं बांधून ठेवली. कॉक तुटला तर ती खुंटी भोकात ठोकायची. सहा पैशांची वस्तू, पण हजार पौंडांच्या कुठल्याही यंत्राइतकी कामाची. हे सगळं करायला आम्हाला पाच शनिवार-रविवार लागले. यार्डानं तीन दिवसांत केलं असतं. पण आज मला डोळे मिटून, पोटावर आडवं पडून, हात घालून सातही कॉक बंद करता येतात. नवऱ्यालाही येतात. आम्ही दिवे बंद करून तालीम केली आहे (शेजारच्या बोटीवाल्यांना वाटलं आमचं भांडण झालंय).

माझ्या मते तयारीचा क्रम साधा आहे. पाणी बाहेर राहिलं पाहिजे, डोलकाठी उभी राहिली पाहिजे, माणसं बोटीवर राहिली पाहिजेत, आणि सुकाणू हललं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर. पण बोटींच्या सामानाच्या दुकानात गेलात तर क्रम नेमका उलटा दिसतो. पुढच्या फळीवर झगमगते स्क्रीन, समुद्राचे डिजिटल नकाशे, रडार, पाणी गोडं करणारी यंत्रं. कॉक आणि क्लिपा मागच्या कोपऱ्यात, धूळ खात. नवखा माणूस घाबरलेला असतो, आणि भीतीवर काहीतरी विकत घेतलं की बरं वाटतं. माझ्या नवऱ्याला एका स्क्रीनचा मोह सुटत नव्हता. त्या वर्षी पैसे होते एकाच गोष्टीपुरते. डोलकाठीच्या तारा की स्क्रीन? घरात दोन आठवडे शांतता होती, इतकंच सांगते.

तारा जिंकल्या. डोलकाठी स्टेनलेस स्टीलच्या तारांवर उभी असते. एक तार तुटली की ती आडवी व्हायला काही सेकंद पुरतात, आणि पडलेली डोलकाठी लाटांबरोबर बोटीच्याच कुशीवर धडका मारत राहते. स्टेनलेस स्टील गंजत नाही असा आपला समज, पण त्याला गंजापासून वाचवणारा वरचा पापुद्रा टिकायला प्राणवायू लागतो. तार जिथे टोपणात दाबून बसवलेली असते, किंवा तारेला धरणारी पट्टी जिथे डेकमधून खाली उतरते, तिथे पाणी साचून राहतं आणि हवा पोहोचत नाही. नेमकं तिथेच ते आतून खायला लागतं, बाहेर चकचकीत दिसत असताना. आमच्या तारा किती जुन्या होत्या हे कुणालाच सांगता येत नव्हतं, एवढं कारण पुरेसं होतं. हे काम मात्र आम्ही कारागिराकडून करून घेतलं. पण तो काम करत असताना मी शेजारी उभी होते आणि इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यानं माझ्याच हातात पाना दिला. डेकमधून खाली जाणाऱ्या पट्ट्या आम्ही दोघांनी काढल्या, त्यातली एक बदलली, आणि भोवतालचं डेक नाण्यानं वाजवून पाहिलं. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड असतं; ते ओलं होऊन कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. कलिंगड घेताना आपण करतो तेच.

जाता जाता एक. जुन्या फायबरग्लासच्या तळावर पाणी मुरून फोड येतात, आणि जुनी बोट म्हटली की सगळे आधी त्यावरच बोलतात. आमच्याही बोटीला आहेत. त्या फोडांनी बोटी सहसा बुडत नाहीत. त्यावर हजारो पौंड घालवून मग त्याच जुन्या तारांवर समुद्रात निघणारे लोक मी पाहिले आहेत. असो.

तयारीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट केबिनच्या आत असते. ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीबद्दल इथला प्रत्येक खलाशी कधी ना कधी बोलतो. इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत यायचं, अशी ती शर्यत. ३०३ बोटी निघाल्या आणि मध्येच भयंकर वादळ आलं. १५ स्पर्धक गेले. २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या. आता पुढचं नीट वाचा: त्या चोवीसांतल्या फक्त ५ बुडाल्या. उरलेल्या १९ रिकाम्या बोटी नंतर तरंगत सापडल्या. आणि गेलेल्यांपैकी काही जण हवेच्या तराफ्यांवर चढल्यानंतर गेले.

लोकांनी तरंगणारी बोट का सोडली असेल? किनाऱ्यावर बसून हा प्रश्न विचारणं सोपं आहे, त्यामुळे जरा जपूनच बोलते. पण त्या रात्री अनेक बोटी लाटांनी आडव्या केल्या, काही पूर्ण उलट्या होऊन सरळ झाल्या. आत काय झालं असेल बघा. बॅटऱ्या जागेवरून निसटल्या, शेगड्या निखळल्या, डबे गोळ्यांसारखे उडाले, जिन्याच्या तोंडाच्या फळ्या निघून वाहून गेल्या आणि तिथून पाणी आत आलं. अंधारात गुडघाभर पाण्यात, डिझेलच्या वासात, डोक्याला लागलेलं असताना "बोट अजून तरंगतेय" हे सुचणं किती कठीण! सर्वांत लहान बोटींच्या गटात ५८ निघाल्या होत्या आणि शर्यत पूर्ण केली एकीनं. 'असेंट' नावाची कॉन्टेसा ३२. आमच्याच लांबीची. हे मी दर आठवड्याला एकदा स्वतःला सांगते.

म्हणून आम्ही एक अख्खा महिना फक्त एकाच प्रश्नावर घालवला: बोट उलटी झाली तर काय काय पडेल? प्रत्येक बॅटरी पंचवीस किलोची. ती आता पट्ट्यांनी तळाला बांधली आहे. लाद्यांना कड्या लावल्या. फडताळांच्या झाकणांना चुंबकाच्या शोभेच्या खिट्ट्या होत्या, त्या काढून खरे अडसर बसवले. जिन्याच्या फळ्यांना दोऱ्या बांधल्या, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून लावता येतील अशा. शेगडी बिजागऱ्यांवर झुलते, ती उचकटून निघू नये म्हणून वरून पट्टी मारली. गॅसची टाकी तर स्वतंत्र कप्प्यात, त्याच्या तळाची नळी बोटीबाहेर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो; घरात गळला तर खिडकी उघडता येते, बोटीत तो तळात जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट बघतो. कुकर कुठे ठेवायचा यावर बरीच चर्चा झाली. तो झोपायच्या फळीखाली, उशांच्या मध्ये आहे. तर आत्या, जेवणाचं उत्तर मिळालं? खिचडी.

हवेचा तराफा आम्ही विकत घेतलेला नाही, प्रवासापुरता भाड्यानं घेणार आहोत. तसा मिळतो इथे. काहींना हे ऐकून धक्का बसतो. पण तराफा ही शेवटची वस्तू आहे आणि आम्ही पैसे पहिल्या वस्तूंवर घातले. डेकच्या दोन्ही बाजूंना पुढून मागे जाड पट्टे ताणले आहेत. रात्री, किंवा वारा वाढला की, केबिनमधून बाहेर पाय टाकायच्या आधी कमरेचा आकडा त्या पट्ट्यात अडकवायचा. दोघंच असताना एक जण पाण्यात पडला तर बोटीवर एकच उरतो, आणि त्या एकानं शिडं उतरवून, बोट वळवून, लाटांमधलं डोकं शोधून, ओलं जड माणूस वर ओढायचं. आम्ही शांत पाण्यात एका भरलेल्या पोत्यावर हा प्रयोग केला. बाहेर ओढायला पाऊण तास लागला. त्यानंतर आकड्यावरून आमच्या घरात वाद झालेला नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात: जुन्या टाकीच्या तळाला गाळ असतो, खवळलेल्या समुद्रात तो ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं बंदराच्या तोंडाशी बंद पडतं. टाकी साफ केली. नळीत हवा शिरली तर ती काढायची कशी, हे दोघंही शिकलो.

सुकाणूचा विषय अलीकडे वेगळ्याच कारणानं निघतो. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ओर्का मासे (मासे कसले, डॉल्फिनचेच भाऊबंद) बोटींच्या सुकाणूंना धडका मारताहेत. काही बोटी बुडाल्यासुद्धा. का करतात यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. तिथल्या ओर्का चाळीसहून कमी उरल्या आहेत, त्यामुळे त्यांना इजा करायचा प्रश्नच येत नाही. किनाऱ्याजवळून उथळ पाण्यातून जा, असा सल्ला देतात. आमचं सुकाणू जुन्या पद्धतीचं, मागच्या एका जाड पंखाच्या आधारानं बसवलेलं आहे, हल्लीच्या बोटींसारखं नुसतं खाली लटकणारं नाही. त्यामुळे ओर्का सोडून देतील अशा भ्रमात मी नाही. ते मोडलं तर दुसरं काय वापरायचं, ते मात्र बांधून, लावून, त्यावर दोन तास बोट चालवून पाहिलं आहे.

आता दुसरी बाजू, जी यार्डात कुणी बोलून दाखवत नाही. तयारी संपतच नाही. आमच्या यार्डात अशा बोटी आहेत ज्या "पुढच्या वर्षी" निघणार म्हणून दहा-दहा वर्षं उभ्या आहेत. एकीच्या डेकवर तर गवत उगवलंय. मालक दर रविवारी येतो, पॉलिश करतो, चहा पितो, नवीन काहीतरी बसवतो. भला माणूस आहे, ज्ञान अफाट. पण मला त्याच्याकडे बघून भीती वाटते, बिस्केच्या लाटांपेक्षा जास्त. जुनी बोट हा न निघण्याचा उत्तम बहाणा असू शकतो, कारण तिच्यात दुरुस्त करण्यासारखं कायमच काहीतरी असतं.

कोकणातल्या मच्छीमारांचं बरं असतं. पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारायच्या, त्या काळात जाळी विणायची, डागडुजी, रंग. आणि नारळी पौर्णिमा आली, की नारळ सोडायचा आणि निघायचं. होडी जुनी असो की नवी. त्यांना तारीख समुद्रच देतो. आम्हाला ती स्वतः घालून घ्यावी लागली. यादीवर एक जाड रेघ मारली. रेघेच्या वर जे आहे ते झाल्याशिवाय निघायचं नाही, मग जून गेला तरी चालेल. रेघेच्या खालचं एकही काम झालं नाही तरी निघायचं. खिडक्यांचे नवे पडदे रेघेच्या खाली आहेत. छताचं लोंबणारं कापडही. आणि हो, तो स्क्रीनसुद्धा. कागदी नकाशे आणि हातात मावणारी दोन जीपीएस यंत्रं आहेत आमच्याकडे.

"पण अनुभव?" हा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे. यावर मला दिलीप दोंदे आठवतात. २००९-१० मध्ये 'म्हादेई' बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौदलातले अधिकारी, पाणबुड्या. त्यांनी हे अंगावर घेतलं तेव्हा बोट अस्तित्वातच नव्हती. मग ते काय करायला गेले? २००६ मध्ये त्याच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे, जे तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा एका जागतिक शर्यतीला निघत होते, किनाऱ्यावरचे मदतनीस म्हणून. दुसऱ्याच्या बोटीची तयारी करायला. पुढे गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात म्हादेई बांधली गेली, तेव्हाही ते तिच्या कामात होते. म्हादेई नवी होती, आणि आमची तुलना त्यांच्याशी कुठल्याच अर्थानं होऊ शकत नाही, हे मला कळतं. पण एवढा मोठा माणूससुद्धा शिकायची सुरुवात पाना हातात घेऊन करतो, हे वाचून मला फार धीर आला होता.

राहता राहिली एक तयारी, ती तुमची. म्हणजे नातेवाईकांची. ती रेघेच्या वर आहे.

आम्ही बोटीवर उपग्रहावरून ठिकाण कळवणारं एक छोटं यंत्र ठेवणार आहोत. नकाशावर दर काही तासांनी एक टिंब दिसेल. आई, टिंब दिसलं नाही याचा अर्थ बोट बुडाली असा नसतो. बॅटरी संपते, यंत्र ओलं होतं, किंवा मी झोपेत ते बंद करून ठेवते. आमच्या पाळ्या तीन-तीन तासांच्या आहेत आणि दुसऱ्या दिवशी माझं डोकं कसं चालेल याची मी हमी देत नाही. उपसागराच्या मध्ये फोन लागणार नाही, त्यामुळे "फोन उचलत नाहीये" हीसुद्धा बातमी नव्हे. खऱ्या संकटासाठी वेगळा बिनतारी संकेतक आहे. तो सुरू केला तर बचाव यंत्रणेला थेट कळतं, आणि त्याच्या नोंदणीत पहिला नंबर लेस्टरच्या दादाचा दिलेला आहे.

दादाकडे एक कागद आहे. बोटीचं नाव, रंग, लांबी, आम्हा दोघांची नावं, संकेतकाचा नोंदणी क्रमांक, निघायची आणि पोहोचायची अपेक्षित वेळ. निघाल्यापासून पाचव्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत आमच्याकडून काहीच आलं नाही तर तो तटरक्षक दलाला फोन करेल. त्याआधी नाही. आणि तोच करेल, दुसरं कुणी नाही. वारा पडला तर साडेतीन दिवसांचे साडेचार सहज होतात, म्हणून पाचवा दिवस धरला आहे. दादानं कागद फ्रिजवर लावलाय आणि वहिनीनं त्याचा फोटो काढून पुण्याला पाठवलाय. ज्यांना हवा असेल त्यांनी तिच्याकडून घ्या.